लुकोमेचा ठिपका

चिठ्ठी टाचणीत ओवलेली असते, फुलपाखराच्या पोटाखाली, त्यामुळे ती वाचायची तर टाचणी पेटीच्या बुचातून अलगद उपसून डोळ्यांसमोर तिरपी धरावी लागते. मी ती धरली, नऊ जुलै असं वाचलं, आणि मला पान्हा फुटला. पाच महिन्यांची नानझिरी दोन टेकड्या पलीकडे शेजारणीच्या मांडीवर होती, रडतही नसेल कदाचित. तरी माझा ब्लाउज ओला झाला. दिवस माझा होता, महिना माझा, सालही माझं. ज्या दिवशी मी जन्मले त्या दिवशी हे लाल फुलपाखरू कुणीतरी चिमटीत दाबून मारलं होतं, आणि तो कुणीतरी माझा बाप होता. अक्षर तातांचंच, मुंगीएवढं, उजवीकडे कललेलं, कागद संपायच्या आत घर गाठायची घाई असल्यासारखं. लुकोमे. नऊ जुलै. सेन्योंडो. आमचं गाव, दिवस, तातांचं नाव. मी ती चिठ्ठी तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा मला मायचा आवाज ऐकू आला, शेंगदाणे कुटताना ती जे वाक्य उखळात घालून कुटते ते: तू झालीस तेव्हा तुझा बाप फुलपाखरांपाशी होता, आठ दिवसांनी उगवला.

"तोच ना?" खांद्यावरून अकिकी डोकावले. अकिकी आमच्या संग्रहालयातल्या कीटक विभागाचे मुख्य. ते देशाच्या पश्चिमेकडचे, आणि तिकडे मोठ्या माणसालाही लाडनावानेच हाक मारायची रीत, म्हणून आम्ही सगळे त्यांना अकिकीच म्हणतो. "नानझिरीची आई, तो ठिपका काढायचाय आपल्याला."

मी म्हटलं, "का?"

"का काय? आठ जुलैला हाच माणूस बुडोंगोच्या जंगलात. ही बघ पेटी. अकराला पुन्हा बुडोंगोत. आणि मध्येच नऊला लुकोमेत? साडेतीनशे किलोमीटर, तेही तेव्हाच्या रस्त्यांनी. पंख कुणाला होते गं, फुलपाखराला की तुझ्या वडिलांना?" ते हसले, मग माझ्याकडे पाहून थांबले. "चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल. होतं. मंगळवारी नकाशा छापायला जातोय. तुझे वडील आहेत ना अजून? जा, विचारून ये. ते ठामपणे म्हणाले की तिथेच धरलं, तर ठेवू. नाही तर पुसू."

पुसू, हा शब्द त्यांनी इतक्या सहज उच्चारला, जणू टेबलावर चहा सांडला होता. त्यांना काय माहीत की हा ठिपका आमच्या घरी भिंतीवर आहे. जुना नकाशा, काचेत घातलेला, लग्नाच्या फोटोच्याही वर टांगलेला. हिरव्या देशात पश्चिमेच्या कडेने लाल ठिपक्यांची एक माळ, आणि त्या माळेतून तुटून दूर पडलेला मणी असावा तसा मसाक्याच्या रस्त्याकडचा एकटाच एक: लुकोमे. चालायला लागले तेव्हापासून ताता मला उचलून तिथे बोट ठेवायला लावत. इथे कोण राहतं? मी म्हणायची, लाल. आणखी कोण? मी. ती काच त्या एका जागी माझ्या बोटाने धुरकट झालेली आहे. गावात तातांना कुणी सेन्योंडो म्हणत नाही, लालवाले म्हणतात. तीस वर्षं दुसऱ्यांसाठी सापळे वाहिलेल्या माणसाच्या नावावर जगात एवढाच एक ठिपका, आणि तो मी, त्यांच्याच मुलीने, त्यांच्याच वशिल्याने मिळालेल्या खुर्चीत बसून पुसायचा.

शनिवारी नानझिरीला पाठीला बांधून मी टॅक्सीत बसले. चौदा माणसांच्या गाडीत वीस, एका बाईच्या मांडीवर फणस, आणि त्या फणसाच्या वासाने मला एकदम आमच्या पडवीतलं निळं टवका उडालेलं भांडं आठवलं, ज्यात ताता पिकलेली केळी कुस्करून वर केळ्याची दारू ओतून तीन दिवस आंबवत ठेवत. फुलपाखरांचं आमिष. जंगलातली फुलपाखरं फुलांवर बसतात हे मला शाळेत पुस्तकातून कळलं. माझी फुलपाखरं दारुडी होती. जाळीचा उंच, नळीसारखा सापळा झाडाला टांगायचा, खाली बशीत आमिष ठेवायचं, आणि पिऊन झाल्यावर सगळी वरच उडतात, खालची वाट कुणाला आठवत नाही. ताता सांगत, माणसंही तशीच. माझी सर्वात जुनी आठवण ती आहे: झाडाच्या सालीचं कापड पसरलेलं, वर पानांचं छप्पर, त्यातून उन्हाचे तुकडे सांडलेले, आंबूस गोड वास, आणि तातांचे पाय. फक्त पाय, चिखलाने लाल झालेले. मी दोन वर्षांची असेन. माझ्या त्या पहिल्या दोन वर्षांत ताता रोज घरी असत. पुढे पुन्हा दूरच्या जंगलांत गेले ते म्हातारे होऊनच आले, आणि त्या मधल्या सगळ्या वर्षांत मी त्या दोन वर्षांवर जगले, उंटाचं म्हणतात तसं. रुसले की भिंतीवरच्या ठिपक्याला बोट लावायची. हे नीट ओळखायला मला आई व्हावं लागलं. आता पहाटे दूध पाजताना नानझिरी माझ्या बोटाभोवती मूठ आवळते तेव्हा वाटतं, हिला यातलं काही आठवणार नाही, आणि तरी हीच तिची जमीन होणार.

गाडी पाणथळीवरच्या पुलावर आली. दोन्हीकडे लव्हाळं, मग चहा, मग ऊस, पुन्हा ऊस. मी खिडकीतून अंतर मोजू लागले, जे मी आजवर कधी मोजलं नव्हतं. ते लाल फुलपाखरू सावलीबाहेर येत नाही, हे मला नकाशासाठी आकडे भरता भरता पाठ झालं होतं. रानातून ट्रकची वाट गेली तर ओलांडेल, पण समोर उघडं शेत दिसलं की जंगलाच्या कडेशी येऊन ते वळतं, पाण्याला लागल्यासारखं. नर लाल, सगळे त्यालाच बघतात. मादी तपकिरी, वाळक्या पानाच्या रंगाची, एकाच जातीच्या झुडपावर अंडी घालते, आणि ते झुडूप दाट सावलीतच उगवतं. म्हणजे झुडूप नाही तर मादी नाही, मादी नाही तर लाल नाही. इतकं साधं. मग या उसातून, या चहातून, कुठल्या सावलीतून ते लुकोमेला आलं असेल? आमचं रान ते केवढं, एका दमात पलीकडून हाक ऐकू येईल एवढं. मला माहीत होतं. कदाचित बऱ्याच दिवसांपासून. पाठीवर नानझिरी झोपेत उसासली आणि तिचा गरम श्वास माझ्या मणक्यावर पसरला. मी ठरवलं, काही विचारायचं नाही. मायच्या हातचे वाफवलेल्या केळ्यांचे मटोके खाईन, तातांच्या पायांना तेल लावीन, सोमवारी अकिकींना सांगेन, ते ठाम आहेत. कुणाचं काय बिघडतं? एक ठिपका.

ताता अंगणात खुर्चीवर होते, डोळ्यांवर आता साय आल्यासारखी. मी गुडघे टेकून नमस्कार केला, त्यांनी विचारायचं ते सगळं विचारलं, शहर कसं आहे, जावई कसा आहे, रस्ता कसा होता, आणि मी सांगायचं ते सगळं सांगितलं. मग त्यांनी हात पुढे केले. "दे इकडे. बघू वजन वाढलंय का." नानझिरीला त्यांनी दोन्ही तळव्यांत तोललं. "आई खाते, हिला देत नाही वाटतं."

"ताता, साडेसात किलो आहे ती!"

"शहरातले किलो." ते म्हणाले.

माय केळीच्या पानात सोललेली केळी बांधत होती. "बोलतंय कोण! तुमची लेक अडीच किलोची होती का तीन, ते तरी ठाऊक आहे का? आठव्या दिवशी आलात तेव्हा बाळसं धरलं होतं तिने."

ताता नेहमीसारखे गप्प. एकोणतीस वर्षं मी हे वाक्य आणि ही गप्प बसण्याची जागा ऐकत आलेय, ढोलाच्या ठरलेल्या ठोक्यासारखी. पण आज माझ्या डोळ्यांपुढे ती मुंगीएवढी तारीख होती, आणि जे विचारायचं नाही असं मी वीस माणसांच्या गाडीत ठरवलं होतं ते माझ्या तोंडून निघून गेलं. "ताता, तो लाल तुम्ही कुठे धरला?"

"चिठ्ठीवर काय आहे?"

"लुकोमे."

"मग लुकोमे."

"चिठ्ठीवर नऊ जुलै आहे."

मायचे हात थांबले. केळीचं पान तिच्या बोटांत तसंच वाकलेलं राहिलं. तातांनी नानझिरीचं डोकं आपल्या हनुवटीखाली घेतलं. "हं," ते म्हणाले. कोंबडी खुर्चीखालून गेली. "संग्रहालयवाले तारीख बघणार कधी ना कधी, हे मला वाटलंच होतं. तेव्हाच्या तिथल्या साहेबाने नाही बघितली. तो नुसता लुकोमे, लुकोमे म्हणत नाचला."

"म्हणजे तुम्ही इथे नाही धरलं."

"बुडोंगोत धरलं. आठ तारखेला, ऊन कलताना. सापळ्यातून काढलं, दाबलं, कागदाच्या घडीत घातलं, घडी खिशात. चिठ्ठी आम्ही रानात नाही लिहायचो, पोरी. रानात घामाने शाई पसरते. साहेबाचा नियम होता, मुक्कामाला आलं की लिहायचं, आणि मुक्कामाचं नाव लिहायचं. जिथे पाठ टेकली ते गाव. वीस-वीस दिवस तेच. हात आपोआप लिहायचा." त्यांनी नानझिरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "त्या संध्याकाळी लाकडाचा ट्रक आला. ड्रायव्हर आपल्याकडचा होता. म्हणाला, सेन्योंडो, तुझ्या बायकोला कळा लागल्यात, दोन आठवडे आधीच, लक्षण बरं नाही. रजा मागितली असती तर साहेबाने दिली नसती. मी ओंडक्यांवर चढून बसलो. सदरा तोच. घडी खिशातच."

"कुठं आलात तुम्ही?" माय म्हणाली. आवाज हलका, जवळजवळ हसरा, थट्टा ऐकल्यासारखा.

"इथे. दुपारी पोचलो. सगळं होऊन गेलं होतं. सेंगा दारात." सेंगा म्हणजे आत्या, तातांची थोरली बहीण, जिने मला जगात आणलं आणि जी मी चालायच्या आत गेली. "तिच्या हातात ही. चिंधीएवढी. सेंगा म्हणाली, पोर ठीक आहे, बाईचं रक्त फार गेलंय, ग्लानीत आहे, उठवू नकोस. मी आत आलो. तू तोंड उघडं टाकून झोपली होतीस. एक पाय गोधडीबाहेर. तो झाकला मी."

मायने पसरलेला पाय आत ओढून घेतला.

"मग मागे केळीत जाऊन पडलो. जरा डोळा लागला. जाग आली तर ड्रायव्हर भोंगा वाजवतोय, परत निघालेला. दुसऱ्या दिवशी हजेरीला नसतो तर काम गेलं असतं. पण उठल्या उठल्या हात खिशात गेला. सवय. पाठ टेकली होती ना? चिठ्ठी लिहिली. लुकोमे, नऊ जुलै. लिहिताना काही वाटलंही नाही. पेटी राजधानीला गेली तेव्हा ध्यानात आलं, आणि तोवर साहेबाचं पत्र आलं होतं: नवीन ठिकाण! सेन्योंडो, तुझ्या गावचं रान मोलाचं आहे, तू तिथेच राहा, दोन वर्षं सापळे लाव."

मी ऐकत होते आणि माझ्या आत काहीतरी हळूहळू सरकत होतं, कपाट हलवल्यावर भिंतीचा मूळ रंग दिसावा तसं. ती दोन वर्षं. सालीचं कापड, उन्हाचे तुकडे, लाल चिखलाचे पाय. "आणि तुम्ही लावलेत? सापडणार नाही हे ठाऊक असून?"

"रोज लावले. केळी खरी, दारू खरी. शेकडो आली, पिवळी, निळी, तपकिरी. मी खोटं काही नाही लिहिलं त्या दोन वर्षांत. लाल, शून्य. लाल, शून्य. साहेब म्हणाला, म्हणजे फारच दुर्मिळ आहे." ताता पहिल्यांदा हसले, खांदे हलवून, आवाज न करता, आणि त्यांच्या छातीवर नानझिरीही हलली. "तीनदा तोंड उघडलं होतं सांगायला. पण सकाळी सापळे लावून दहाला घरी यायचो, आणि ही रांगत दारापर्यंत यायची. तोंड मिटायचं."

"आणि मला?" माय म्हणाली. आता तिने पान खाली ठेवलं होतं. "मला का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस कुठे. तू सांगत सुटलीस. आल्या दिवसापासून. मला वाटलं, बोलू दे. बाई मरता मरता राहिलीय. आणि सांगितलं असतं तर तू पाणवठ्यावर सांगितलं असतंस."

"सांगितलं असतं!" माय म्हणाली. "सगळ्या गावाला सांगितलं असतं!" आणि ती उठली, चुलीपाशी गेली, तिथे करण्यासारखं काही नव्हतं म्हणून परत आली. पदर नसतोच आमच्या गोमेसी झग्याला, नाही तर तिने डोळ्यांना लावला असता. तिने कोपराने नाक पुसलं. एकोणतीस वर्षं जे वाक्य ती कुटत आली ते असं उखळातून उडून गेलं, आणि मुसळ हातात घेऊन कुठे ठेवावं हे तिला समजेना, असं मला वाटलं. मला तिच्याबद्दल अपार माया वाटली, आणि थोडी भीतीही. आपल्याला सोडून दिलं होतं या दुःखावर एक बाई किती भक्कम घर बांधू शकते. मी तर नवऱ्याला साधं दूध तापवायला उशीर झाला तरी पाया खणायला घेते.

जेवण होईपर्यंत कुणी तो विषय काढला नाही. मग ताता हात धुता धुता म्हणाले, "काढून टाक तो."

"ताता, मी सांगू शकते की तुम्ही ठाम आहात. ठेवतील ते."

"आणि उद्या कुणी पोरगा तो नकाशा बघून इथे येईल, सापळे लावील, लाल, शून्य. त्याला काय ही रांगत येणार आहे दारात?" त्यांनी साय आलेले डोळे रानाच्या दिशेने वळवले. "ते किडुक बिचारं सावली सोडत नाही. माझ्या झोपेसाठी त्याला इतका उन्हातून प्रवास कशाला?"

"राहू दे तो ठिपका," माय एकदम म्हणाली. आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं. तिला तो नकाशा कधीच आवडला नव्हता. लग्नाच्या फोटोच्या वर टांगला म्हणून ती दर ईस्टरला भांडत आली होती. "काय बघता? पुसून टाका म्हणे. तेवढं एकच तर लिहून ठेवलंय तुम्ही घरी आल्याचं."

मी नानझिरीला पाजायला घेतलं आणि तोंड दुसरीकडे वळवलं. ती ओढत होती, जोराने, डोळे मिटून, आणि मी विचार करत होते की खरं कोण बोलतंय. फुलपाखराच्या बाजूने ताता खरे होते. मायच्या बाजूने माय. आणि माझी बाजू कुठली? मी त्या खोट्या ठिपक्याचं लेकरू होते, त्याच्यातच वाढले, त्याच सावलीत, बाहेर पडून कधी पाहिलं नाही. निघताना मायने केळीच्या पानात बांधून मटोके दिले, मग मला धरून उभी राहिली, नानझिरी आमच्या मध्ये चेंगरेपर्यंत.

सोमवारी मी अकिकींच्या आधी पोचले. खिडकीबाहेर कचऱ्याच्या ढिगावर मराबू करकोचे म्हाताऱ्या वकिलांसारखे उभे होते. मी यंत्र सुरू केलं, नकाशा उघडला, लुकोमेवर बाण नेला. एका बोटाचं काम. ठिपका गेला, आणि मसाक्याच्या रस्त्याकडे नुसता हिरवा रंग उरला, काही झालंच नाही असा. मला वाटलं होतं फार दुखेल. दुखलं, पण जसं वाटलं होतं तिथे नाही.

"म्हणजे कबूल केलं म्हाताऱ्याने?" अकिकी टोपी काढत आले.

"फुलपाखरू बुडोंगोचं," मी म्हटलं. "माणूस लुकोमेत होता."

त्यांनी टोपी टेबलावर ठेवली. "माणसाचा नकाशा आपल्याकडे नाही गं."

"शेवटी एक रकाना आहे," मी म्हटलं. "शेरा."

"आहे खरा. कुणी वाचत नाही तो. छापलाही जात नाही."

मी लिहिलं: चिठ्ठीवरचं ठिकाण कीटकाचं नाही. त्या दिवशी संग्राहक स्वतः लुकोमे येथे हजर होता. मग फोन लावला. मायला वाचता येत नाही. मी तिला ते आमच्या भाषेत सांगितलं, सावकाश, शब्दन् शब्द. पलीकडे वारा आणि दूर कुठेतरी तातांचं खोकणं.

"एवढंच?" माय म्हणाली.

"एवढंच, माय."

"दुपारी आले होते म्हणाले ना? मग तेही लिही. दुपारी."

मी वाक्याच्या मधोमध थोडी जागा केली आणि लिहिलं.